कापसाला टेकून

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार

आले बाई एकदाची! भुसावळहून मलकापूर, मलकापूरहून मोताळा आणि तिथून काळीपिवळी जीपमध्ये निम्मी सीटवर, निम्मी हवेत बसून धामणगाव बढे. मांडीवर कपड्यांची बॅग आणि बॅगेवर बरगड्यांचा पिंजरा. खरा नाही, प्लास्टिकचा. नर्सिंग स्कूलनं येताना घेऊन या म्हणून सांगितलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं पिशवीतून डोकावणाऱ्या बरगड्या पाहिल्या, हा कोनाचा हाये म्हणून विचारलं, आणि मी दुकानातून विकत आणलाय म्हटल्यावर उतरेपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली.

नवी वही, नवी नोकरी, तेव्हा रीतसर लिहिते. मी शाहीन, नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवायला आलेली. अब्बांनी उर्दूऐवजी मराठी शाळेत घातलं, त्यामुळे मी भांडते उर्दूत आणि लिहिते मराठीत. अम्मी नाही. अब्बा भुसावळला एकटेच असतात, आणि दर सुट्टीला घरी यायचं या अटीवरच त्यांनी मला सोडलंय.

खोली मिळाली जानराव आणि बेबीताई यांच्या घरात. नवरा-बायको दोघंच. शेतकरी माणसं, बोलणं कमी आणि वाढणं जास्त. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली एका तरण्या मुलाचा हार घातलेला फोटो. आल्या आल्या गेलेल्या माणसाची चौकशी बरी दिसत नाही, म्हणून गप्प बसले. माझ्या खोलीचं दार अंगणात उघडतं. तिला लागूनच कापसाची खोली आहे, दोघींच्या मधे एकच भिंत.

कापसाची खोली इथे घरोघर आहे. गेल्या साली कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला, म्हणून यंदा कुणीच विकायला तयार नाही. महागाचं बीटी बियाणं, फवारण्या, बोंडअळी, या सगळ्यातून जे हाती लागलं ते लोकांनी घरात छतापर्यंत भरलंय आणि स्वतः ओसरीवर झोपताहेत. चांगलं स्थळ येईपर्यंत पोरगी घरात ठेवावी तसा कापूस ठेवलाय. (हे वाक्य अब्बांना दाखवायचं नाही.) कापसातल्या किड्यांनी सगळं गाव खाजवतंय, आणि दोन तासांत मीही खाजवायला लागले. म्हणजे गावकरी झालेच म्हणायची.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं. बेबीताई हसल्या आणि त्यांनी दह्याची वाटी पुढे सरकवली. मला इथं आवडणार असं दिसतंय.

१५ फेब्रुवारी, बुधवार

आज छातीचा धडा सुरू केला. मुली चुणचुणीत आहेत, पण पुस्तकातली व्याख्या पोपटासारखी म्हणतात आणि प्रश्न विचारला की एकमेकींच्या मागे लपतात. मी पिंजरा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की याला पिंजरा म्हणतात खरं, पण हा पिंजरा नाही, भाता आहे. वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्यासारख्या पुढे उचलल्या जातात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला. तळाशी श्वासपटल खाली उतरतं. आत जागा होते आणि हवा आपसूक आत येते. एका मुलीला बादली आणायला पाठवलं, कडी वरखाली करून दाखवली. तेवढ्यानं वर्ग जागा झाला.

मग मुद्द्याची गोष्ट. श्वास घेण्यासाठी राबावं लागतं, सोडायला काही लागत नाही. स्नायू सैल पडले की छाती आपली आपण खाली बसते. म्हणून छातीवर भार आला की माणूस सोडतो आणि अडकतो. हे दोनदा म्हणवून घेतलं.

छातीत सुई घालायची ती बरगडीच्या वरच्या कडेवरून, कारण खालच्या कडेला शीर, धमनी आणि मज्जातंतू लपलेले असतात. रेणुका म्हणाली, पंख्याची वायर छतालेच लागून राह्यते तसं. मी म्हटलं शाब्बास, परीक्षेत मात्र असं लिहू नकोस. ही रेणुका याच गावची, जानरावांच्या गल्लीतली, आणि वर्गात सगळ्यांत हुशार.

शेवटी टेप घेऊन एकमेकींच्या छातीचा फुगवटा मोजायचा होता. श्वास पूर्ण सोडल्यावर एक माप, भरून घेतल्यावर दुसरं. मी स्वतः उभी राहिले. माझा फुगवटा वर्गात सगळ्यांत जास्त निघाला आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. शाळेत असताना मी पोहायचे, त्याचा परिणाम. उगाच नाही मी छातीठोक बोलत.

२६ फेब्रुवारी, रविवार

बेबीताई घराबाहेर पडत नाहीत, हे आज माझ्या ध्यानात आलं. किराणा जानराव आणतात. शेतात जानराव जातात. परवा गल्लीत हळद होती, वाजंत्री दारावरून गेली, तरी या अंगणाच्या फाटकापाशी आल्या आणि मागे फिरल्या. दुपारचं काम सगळं कापसाच्या खोलीच्या दाराला पाठ लावून करतात. लसूण सोलणं, तूर निवडणं, सगळं तिथंच.

खोलीत यंदाचाच नाही, आधीच्या सालचाही कापूस आहे म्हणे! पिवळा पडत चाललाय. गेल्या वर्षी एवढा भाव आला तेव्हा सगळ्या गावानं विकला, यांनी नाही. जानरावांना विचारलं तर ते म्हणाले, भाव येऊ द्या. आणखी किती यायचा? लोभाला औषध नाही, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

दुपारी माझी खोली तापते, पण त्या भिंतीला गारवा असतो. म्हणून खाट तिला लावून घेतली आहे. पाठ टेकली की छान डोळा लागतो. आज पडल्या पडल्या असं वाटलं की भिंत पाठीला हलकेच रेटते आहे आणि पुन्हा मागे जाते आहे. कापूस उन्हानं फुगत असेल आणि निवला की बसत असेल. आमच्याकडच्या कांद्याच्या चाळीतही असंच होतं. रेटा काही वाईट वाटला नाही. उलट इतकी गाढ झोपले की बेबीताईंनी चहाला उठवलं.

चहा पिताना त्यांनी विचारलं, तुम्ही पोरींना छातीचं शिकवता ना. मग श्वास सोडल्यावर माणूस पुन्हा घ्यायला किती थांबू शकतो? मी शिक्षिका, मला कुणी विचारायचा अवकाश! सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “अन् कोनी वरून दाबलं तं?” मी म्हटलं, मग सोडता येईल, घेता येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि लसूण सोलत राहिल्या.

४ मार्च, शनिवार

आज मला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

वर्ग सुटल्यावर रेणुका मागे थांबली. बेबीताईंसमोर छातीचं, दाबाचं बोलत जाऊ नका, मॅडम, असं म्हणाली. आणि मग तिनं फोटोतल्या मुलाचं सांगितलं. प्रसेनजित त्याचं नाव, बेबीताईंचा एकुलता एक.

खोलीत कापूस जास्त मावावा म्हणून इथे एक जण आत उतरून तो तुडवतो, आणि दुसरा बाहेरून शिडीवर चढून वरच्या खिडकीतून गाठोडी रिकामी करतो. कापूस वर चढत जातो तसा तुडवणाराही वर येतो आणि शेवटी खिडकीतून बाहेर पडतो. गेल्या हंगामात प्रसेनजित आत होता आणि बेबीताई शिडीवर. पोराला एक खोड होती. आई गाठोडं आणायला खाली उतरली की हा खिडकीतून उडी मारून बसस्टँडवर पसार व्हायचा. त्या दिवशी आतून उत्तर येईना, तेव्हा बेबीताईंना वाटलं, गेला लबाड. रागाच्या भरात त्यांनी उरलेली सगळी गाठोडी ओतली आणि वरून बांबूनं दाबली.

तो कोपऱ्यात होता. तिथला कापूस तुडवलेला नव्हता, तो त्यात उभाच्या उभा खाली गेला आणि वरचा कापूस त्याच्यावर घसरला. संध्याकाळी जानराव शेतातून आले तर पोराची मोटरसायकल अंगणातच. मग उकरायला लागले. सापडला तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. कुठल्या भिंतीला, हे मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. माझ्याच.

बाहेर काढल्यावर छाती कशी दाबायची ते कुणालाच येत नव्हतं, म्हणून मी नर्सिंगला आले, असं रेणुका म्हणाली. मला रडू आवरेना. त्यानं तोंड उघडून ओरडण्यासाठी जो श्वास सोडला असेल, तेवढी छाती खाली बसली असेल आणि तेवढ्या जागेत कापूस शिरला असेल. पुढचा श्वास लहान. त्याच्या पुढचा आणखी लहान. कापूस जड नसतो, पण एकदा दिलेली जागा परत देत नाही. आणि मी त्याच्या आईला हेच चहा पिता पिता शिकवलं.

त्यानंतर त्या खोलीतलं बोंडही कुणी बाहेर काढलेलं नाही. यंदाचा कापूसही जानरावांनी तुडवल्याशिवायच आत टाकला. लोभी म्हटलं होतं मी त्यांना.

१७ मार्च, शुक्रवार

टेपची उजळणी घेतली. मुलींनी मलाच पुन्हा उभं केलं. सोडल्यावरचं माप घेतलं, मग मी भरून श्वास घेतला. रेणुका म्हणाली, घ्या ना मॅडम. मी म्हटलं, घेतलाय. ती टेपकडे बघत राहिली, मागच्या बाकावरच्या हसल्या. फुगवटा जेमतेम बोटाच्या रुंदीएवढा. मी टेपलाच नावं ठेवली आणि हसणाऱ्या दोघींना बाहेर काढलं. मुलींवर राग काढायला नको होता.

कापसाची धूळ, दुसरं काय. गिरणीत काम करणाऱ्यांची छाती भरते, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. मास्क लावायला सुरुवात केली. खाट खिडकीपाशी ओढली, तर झोप येईना. डोळे मिटले की छाती वर येतच नाही, मग दचकून मुद्दाम श्वास घ्यावा लागतो. श्वासाकडे लक्ष द्यावं लागणं ही भयंकर गोष्ट आहे. चालता चालता पावलांकडे बघायला लागलं की पाय अडखळतात, तसं होतं.

खाट परत भिंतीला लावली. लगेच झोपले.

२८ मार्च, मंगळवार

बुलढाण्याला एक्स-रे काढून आले. रोजा होता, म्हणून आधी वाटलं उपाशीपणामुळे होतंय. मोताळा सोडलं आणि राजूर घाट लागला, तेव्हा मी खिडकीचा गज धरून तोंड उघडून बसले होते. छाती दुखत नाही. खोकला नाही. फक्त ती उचलली जात नाही. मानेचे स्नायू ताणून, खांदे वर ओढून घोटघोट हवा आत घ्यायची. याला काय म्हणतात ते मी मुलींना शिकवते. रुग्ण असा श्वास घेताना दिसला की डॉक्टरांना लगेच बोलवा, असं सांगते.

डॉक्टर भले होते. फिल्म उजेडात धरून म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत, पण तुम्ही श्वास सोडल्यावर फोटो निघालाय. बरगड्या एकमेकींवर मिटलेल्या. परत काढू. परत काढला. या वेळी त्यांनी स्वतः उभं राहून घ्या, घ्या, धरा, असं सांगितलं आणि मी जीव खाऊन घेतला. फिल्म तशीच आली. मॅडम, घ्या म्हटल्यावर घ्यायचा असतो, असं म्हणून ते हसले. मग हसायचे थांबले, माझ्या छातीवर हात ठेवून बराच वेळ बसले. मज्जातंतूंच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. तपासण्या छत्रपती संभाजीनगरला होतील म्हणाले.

परतीच्या बसमध्ये डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गावात उतरले, गल्लीत वळले. फाटक उघडलं आणि छाती उचलली गेली. सहज, जशी पूर्वी उचलली जायची तशी. मी अंगणात उभी राहून पोटभर श्वास घेत होते आणि मला इतकी भीती यापूर्वी कधीच वाटली नव्हती. कारण तो मी घेत नव्हते. माझ्या बरगड्या कुणीतरी बादलीच्या कडीसारख्या धरून उचलत होतं.

कापसाच्या खोलीच्या दाराला टेकून बसलेल्या बेबीताई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांची आणि माझी छाती एकाच वेळी वर येत होती, एकाच वेळी खाली.

२० एप्रिल, गुरुवार

ईदला घरी जायचं होतं. अब्बांनी शेवया आणून ठेवल्यात. हे घर सोडलं की सुरुवातीला त्रास होईल, पण भुसावळला पोचले की सुटेन, असा हिशेब मी केला होता. माणूस दारूही अशीच सोडतो.

मोताळ्याच्या स्टँडवर पडले. लोकांनी पाणी मारलं. एका रिक्षावाल्यानं उचलून सीटवर ठेवलं आणि दवाखान्याकडे निघाला. मला बोलता येत नव्हतं. मी त्याचा सदरा धरून मागे, धामणगावकडे हात दाखवत राहिले. शेवटी तो वैतागून वळला. गल्लीच्या तोंडाशी पहिला श्वास आला.

बेबीताई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून नेलं, दाराला टेकवून बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मग एकदाचं सगळं सांगितलं. पोराला जाळून आले त्या दिवसापासून त्यांची छाती बंद आहे. या दाराला पाठ लावली की आत तो घेतो आणि मग यांनाही घेता येतो. “त्यानं सोडला होता ना, पोरी. त्याले घ्यायचा होता. तो अजूनबी घेऊनच राह्यला.” म्हणून कापूस विकू देत नाहीत. कापूस हलला की तोही जाईल.

मी विचारलं, मग मी काय पाप केलं? माझी खाट त्या भिंतीला होती, म्हणाल्या. मग मला हलवायला सांगितलं का नाही? त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मले वाटलं, अजून एक छाती भेटली तं त्याले जरा सोपं जाईन.”

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच. हात उचलला होता. पण त्यासाठी पुढे झुकावं लागलं असतं, आणि पाठ दाराला लागलेली होती, आणि मला श्वास येत होता.

२२ एप्रिल, शनिवार. ईद

अब्बांचा फोन आला. परीक्षेची ड्युटी लागली म्हणून खोटं सांगितलं. तुकड्यातुकड्यांत का बोलतेस, म्हणाले. चढ चढून आलेय म्हटलं. मग म्हणाले, शेवया फ्रीजमध्ये ठेवतो.

सजद्यात कपाळ टेकवलं की पाठ भिंतीपासून सुटते. बसूनच नमाज पढले.

बेबीताईंनी शिरखुर्मा करायचा प्रयत्न केला. करपला. मी तो खाल्ला. त्यांच्यावर मनासारखं रागावताही येत नाही मला.

९ मे, मंगळवार

शाळेला सुट्टी लागली. आता मी दिवसभर भिंतीशी असते.

गफ्फारभाई आले होते, कापसाचे व्यापारी. खिडकीतून मूठभर कापूस ओढला, पिवळा-पांढरा वेगळा करून बघितला आणि जानरावांना म्हणाले, भाऊ, आता भाव वर जाणार नाही. रोज खालीच येऊन राह्यला. गावातले सगळे आता पडेल त्या भावात काढताहेत. पेरणीला पैसा कुठून आणाल?

त्यांनी कापूस ओढला तेव्हा माझ्या उजव्या बाजूच्या बरगड्या थांबल्या. क्षणभरच. बेबीताईंच्या हातातलं ताट पडलं.

जानराव म्हणाले, सांगतो.

१४ मे, रविवार

मी जानरावांच्या पाया पडले. मी, शिकलेली बाई, मुलींना विज्ञान शिकवणारी, एका माणसाच्या पायाशी बसून म्हटलं की कापूस विकू नका.

ते खाली बसले. म्हणाले, हीबी तेच म्हन्ते, आता तुमीबी तेच म्हन्ता. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, माझं पोरगं त्या खोलीत गेलं, बायको दाराला चिकटली, आता परक्याची लेक भिंतीला चिकटली. त्यांनी पैशाचं नावही काढलं नाही. म्हणाले, “कापूस गेला का तुमी दोघी मोकळ्या होसान.”

चांगला माणूस आहे. त्याला वाटतं, तो आम्हाला सोडवतोय.

१८ मे

उद्या कापसाची गाडी.

रेणुका आली होती. मी सगळं सांगितलं, तिनं टेप काढली नाही, नुसता हात ठेवला माझ्या छातीवर. मग मला फाटकाबाहेर चार पावलं नेलं. परत ओढत आणलं. ती पांढरी पडली होती.

उद्या सकाळीच १०८ला फोन करते म्हणाली. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, हवा आत दाबायची पिशवी असते. ती छातीच्या भरवशावर चालत नाही. हे मीच तिला शिकवलं. बेबीताईंना आणि तुम्हाला, दोघींना नेऊ, म्हणाली. जानराव काही ऐकत नाहीत.

तेवढं तगायचं. १०८ येईपर्यंत.

१९ मे, सकाळ

हमाल आले. दार उघडलं. कापूस भिंतीसारखा उभा होता, मग ढासळला.

चादरींत बांधून नेताहेत. गाडीवर दोघं तुडवताहेत. बेबीताई आणि मी दाराच्या दोन बाजूंना. प्रत्येक गठ्ठ्यागणिक श्वास लहान होतो—

जानराव म्हणतात, जरासं सोसा. जरासंच.

रेणुकाचा फोन लागला. १०८ लांबच्या केसवर आहे. निघेल. निघालीय म्हणे. मोताळ्याहून—

दुपार

गाडी भरून गेली. दुसरी फेरी बाकी. जानराव गाडीबरोबर वजनकाट्यावर गेलेत. हमाल झाडाखाली जेवताहेत.

आत एका कोपऱ्यात ढीग उरलाय. माझ्या भिंतीचा कोपरा. दोघींना पुरत नाही. मी घेते तेव्हा त्या निळ्या पडतात. त्या घेतात तेव्हा मी—

रेणुका रस्त्यावर उभी आहे, १०८ची वाट बघत.

बेबीताई म्हणाल्या, आळीपाळीनं घेऊ, पोरी. हात धरला माझा. मी म्हटलं हो—

म्हटलं हो आणि आत शिरले. कडी लावली. आतून. मी लावली. कापसानं नाही, त्यानं नाही, मी. शाहीननं—

खिडकीतून ऊन येतंय. ढिगाला पाठ लावली आहे. श्वास येतोय. भरभरून. कितीतरी दिवसांत असा आला नव्हता. मला लाज वाटते आणि मी घेते. लाज वाटते आणि घेते—

त्या दारावर हात मारताहेत. जोरात नाही. तेवढी हवा नाही त्यांच्यात. शिव्या देत नाहीत. म्हणतात, थोडी सरक व माय. थोडीच सरक—

गाडी येईल. त्यांनाही पिशवी लावतील. रेणुकाला येतं. मी शिकवलंय. येईलच आता—

रेणुका ओरडतेय. काकू, काकू म्हणून. धावत आली—

दारावरचा हात थांबला.

कापूस थांबला.

मी सोडलाय. तो घेत नाही. वाट बघते— घेत नाही— तो माझ्यासाठी घेतच नव्हता, तो आईला— एवढे दिवस आईसाठी—

कडी काढते. बेबीताई, काढते, थांबा. ढीग मधे घसरला, दार दिसत नाही, हात लांब केला तर—

प्रसेनजित, मी दार उघडते रे, तू एकदाच घे, एकदा, मी तिला आत घे